नागपूरच्या उन्हात टिकेल असं व्हिनाइल: बोर्ड आणि गाडीवरच्या जाहिरातीसाठी फिल्म कशी निवडायची

बर्डीवर किंवा गांधीबागेत व्हिनाइल, म्हणजे मागे गोंद असलेली प्लास्टिकची फिल्म, छापायला गेलात की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘भाऊ, किती फूट?’ दुसरा येतो, ‘ग्लॉसी की मॅट?’ मग थेट भाव. काम कशावर चिकटणार आहे, किती दिवस राहणार आहे आणि मुदत संपल्यावर ते काढणार कोण, हे विचारायचं दोन्हीकडून राहून जातं. मग दीड वर्षात टेम्पोच्या कडांना काळी रेघ दिसायला लागते, बोर्डावरचा लाल गुलाबी होतो, आणि पत्र्याला चिकटून बसलेले कपटे खरवडायला दोन माणसं दिवसभर लागतात.

व्हिनाइलचा खर्च म्हणजे छापण्याचा चौरस फुटाचा भाव, असं धरून चाललं की फसगत होते. लावण्याची मजुरी, गाडी उभी ठेवल्याचं नुकसान आणि जुनी फिल्म काढण्याचा खर्च भावात धरलेला नसतो. म्हणून निवड उलट टोकाकडून करावी: आधी पृष्ठभाग, मग मुदत, मग गोंद, आणि छपाई त्यानंतर.

आधी पत्र्यावर हात फिरवा

एसीपीचा (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमधे प्लास्टिक असलेल्या शीटचा) बोर्ड, काच, पावडर कोटिंगचा पत्रा आणि कंपनीतून रंगून आलेली गाडी ही सोपी गिऱ्हाइकं. गुळगुळीत आणि घट्ट रंगाच्या पृष्ठभागावर जवळपास कुठलीही फिल्म बसते. प्रश्न उरतो तो मुदतीचा. अडचण इतर ठिकाणी येते.

रोलिंग शटरवर व्हिनाइल लावू नका, कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी. शटरच्या पट्ट्या एकमेकींत फिरतात, रोज गुंडाळल्या जातात, आणि प्रत्येक सांध्यावर फिल्म घासली जाते. तिथं चांगल्या हाताचा पेंटर शोधावा. डिस्टेंपरच्या भिंतीवर मास्किंग टेपचा तुकडा दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपला पांढरी भुकटी लागून आली तर व्हिनाइलही तशीच भुकटी घेऊन खाली येणार. सनबोर्ड, म्हणजे फोमची हलकी शीट, प्रदर्शनाच्या स्टॉलपुरता, छताखाली. उन्हात तो वाकतो आणि वर लावलेली फिल्म कितीही भारी असली तरी उपयोग होत नाही.

अ‍ॅक्रिलिक आणि पॉलीकार्बोनेटच्या शीटमधून ओलावा आणि वायू हळूहळू बाहेर पडत राहतात. फिल्म लावल्यावर काही दिवसांनी जे फुगे येतात त्यात बिचाऱ्या लावणाऱ्याची चूक नसते. अशा शीटवर आधी हातभर तुकडा लावून ती साधारण ६० अंशांत दिवसभर ठेवून बघावी. मे महिन्यात उन्हात उभी केलेली बंद गाडी या कामाला पुरते. आतून दिवे असलेल्या ग्लो साइनला साधं पांढरं व्हिनाइल चालत नाही, उजेड डागाडागांनी दिसतो. तिथं प्रकाश सारखा पसरवणारी बॅकलिट फिल्मच मागायची.

गाडीचं मात्र नीट बघावं लागतं. एक सोपी चाचणी आहे. वहीचं कोरं पान घ्या आणि जिथं जाहिरात येणार तिथं तळहातानं दाबून धरा. पान न दुमडता पूर्ण बसलं तर पत्रा सपाट आहे किंवा त्याला एकाच दिशेचा बाक आहे. कोपऱ्याकडे पानाला सुरकुती पडली, कितीही फिरवलं तरी जात नाही, तर बाक दोन दिशांचा आहे: बोनेटची कड, बंपर, आरशाची पाठ, चाकावरचा फुगवटा. सपाट आणि एका बाकाच्या जागी स्वस्तातली फिल्मही बसते. सुरकुती पडते तिथं फिल्म ताणावी लागते, आणि ताणलेली फिल्म परत आक्रसायला बघते. नालीदार पत्र्याचे कंटेनर आणि रिव्हेटच्या रांगा असलेल्या बॉडी या दुसऱ्या गटात धरायच्या, लांबून सपाट दिसल्या तरी.

शहरभर फिरणाऱ्या ई-रिक्षांबद्दल वेगळं सांगायला हवं. मागचा पत्रा आणि बाजूचे पॅनेल यांवर व्हिनाइल छान बसतं. रेक्झिनच्या हुडावर मात्र नको. रेक्झिनमध्ये मऊपणा आणणारं रसायन असतं, ते गोंदात उतरतं आणि गोंद चिकचिकीत होऊन फिल्म सरकते. हुडावर जाहिरात हवीच असेल तर फ्लेक्स कापून शिवून घ्यावा. डिलिव्हरीच्या पेट्या, मडगार्ड आणि काही बंपर पॉलीप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकचे असतात. पाण्याचा थेंब टाकून बघा. तो पसरण्याऐवजी मणी होऊन बसला तर साधा गोंद तिथं धरणार नाही, जास्त पकडीचा गोंद असलेली फिल्म लागेल.

मोनोमेरिक, पॉलिमेरिक, कास्ट

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. मूळचं पीव्हीसी कडक असतं, प्लॅस्टिसायझर घालून ते मऊ करतात. तो प्लॅस्टिसायझर कोणता आणि फिल्म बनवली कशी, या दोन गोष्टींवर तिचा पुढचा सगळा स्वभाव ठरतो.

कॅलेंडर्ड फिल्ममध्ये गरम लगदा रोलरांमधून दाबत, ओढत पातळ करतात. ओढल्याचा ताण फिल्ममध्ये राहून जातो आणि ऊन लागलं की ती मूळ आकाराकडे आक्रसते. त्यात प्लॅस्टिसायझर लहान रेणूंचा असेल तर ती मोनोमेरिक. हे लहान रेणू उष्णतेनं बाहेर झिरपतात, काही गोंदात उतरतात, फिल्म कडक होते आणि आणखी आक्रसते. लांब साखळीचे रेणू वापरले की पॉलिमेरिक. ते सहज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे फिल्म बराच काळ मऊ आणि मापात राहते. कास्ट फिल्मची रीत वेगळी. पातळ द्रव सपाट थरावर ओतून भट्टीत वाळवतात. कुणी ओढलेलंच नसल्यामुळे ताण जवळपास नसतो.

जाडीवरून फसू नका. मोनोमेरिक साधारण ८० ते १०० मायक्रॉन, पॉलिमेरिक ७० ते ८०, आणि सगळ्यात महागडी कास्ट ५० च्या आसपास. ‘जाड आहे, मजबूत आहे’ म्हणून हातात दिलेला रोल बहुधा मोनोमेरिकच निघतो. खात्री करायची तर कंपनीचं नाव आणि फिल्मचा क्रमांक विचारा. उदाहरणार्थ, थ्रीएमची आयजे १८०, एव्हरी डेनिसनची एमपीआय ११०५ आणि ओराफोलची ओराजेट ३९५१ या कास्ट फिल्म आहेत, तर ओराजेट ३५५१ पॉलिमेरिक. क्रमांक कळला की कंपनीचं माहितीपत्रक मोबाइलवर मिळतं आणि वाद मिटतो. नुसतं ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणणाऱ्याला क्रमांक विचारला की तो बहुतेकदा भाव कमी करायला लागतो.

माझ्या मते नागपुरातली बहुतांश टिकाऊ कामं पॉलिमेरिकची आहेत: दुकानाचा एसीपी बोर्ड, टेम्पोची सपाट बाजू, शाळेच्या व्हॅनवरचं नाव, हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतले सूचना फलक. कास्ट तिथंच घ्यावी जिथं पान सुरकुततं, आणि तिथं मात्र घासाघीस करू नये. मोनोमेरिकला नावं ठेवणारे बरेच आहेत, पण गणेशोत्सव, डिसेंबरचं विधिमंडळ अधिवेशन, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे दीक्षाभूमीकडचे मार्गदर्शक फलक, सेल, निवडणूक अशा कामांना तीच योग्य आहे. पंधरा दिवसांच्या बोर्डाला पाच वर्षांची फिल्म लावणं ही उधळपट्टी झाली.

आक्रसणं घरच्या घरी मोजता येतं. अ‍ॅल्युमिनियमचा स्वच्छ पत्रा घ्या, त्यावर वीतभर चौकोनी तुकडा हवा न राहू देता चिकटवा, आणि मधोमध ब्लेडनं अधिकच्या चिन्हासारखी, आरपार पण पत्र्याला न लागेल अशी चीर द्या. दोन-तीन दुकानांच्या फिल्म शेजारी शेजारी लावून, मागे नावं लिहून, पत्रा उन्हाळ्यात गच्चीवर ठेवून द्या. पंधरवड्यानं चिरेकडे बघा. चांगल्या फिल्मची चीर नखालाही जेमतेम लागते. आक्रसणाऱ्या फिल्मची चीर उघडते, तिच्यात गोंदाची चकाकती पट्टी दिसते आणि तिच्यावर धूळ बसून काळी रेघ होते. टेम्पोच्या कडांना दिसते ती हीच रेघ. प्रयोगशाळेत हीच चाचणी ७० अंशांत ४८ तास ठेवून करतात.

मुदतीचा आकडा आणि आपलं ऊन

माहितीपत्रकावर ‘५ वर्षं’ किंवा ‘७ वर्षं’ लिहिलेलं असतं, त्याखाली बारीक अक्षरं असतात. तो आकडा बहुधा मध्य युरोपसारख्या सौम्य हवामानाचा, उभ्या लावलेल्या आणि कित्येकदा न छापलेल्या फिल्मचा असतो. मोठ्या कंपन्या उष्ण प्रदेशांसाठी वेगळा, कमी आकडा देतात. तो तक्ता मागून घ्यावा. आडव्या पृष्ठभागाला, म्हणजे गाडीचं छत आणि बोनेट, मुदत उभ्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी असते.

इथल्या उन्हाची कल्पना द्यायला नको. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, तेव्हा हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचा खुलासा करावा लागला. मात्र आकडा ऐकून शहरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. सावलीत ४५ असताना उन्हातला गडद पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो. माझा ठोकताळा असा: पत्रकातला आकडा निम्मा करायचा, पश्चिमेकडं तोंड असलेल्या बोर्डाला आणखी थोडा कापायचा, आणि गिऱ्हाइकाला तेवढंच सांगायचं.

रंगांचंही बघावं. छपाईच्या शाईत मॅजेंटा आणि पिवळा उन्हानं लवकर उडतात, निळा आणि काळा जास्त टिकतात. म्हणून लाल गुलाबी होतो. कळमन्यातल्या संत्र्याच्या व्यापाऱ्यानं बोर्डभर नारिंगी मागितला तर तो रंग या दोन कच्च्या शायांपासूनच बनणार. अशा वेळी नाव आणि मोठे पट्टे छापण्याऐवजी मूळच्याच रंगीत व्हिनाइलमधून प्लॉटरवर (फिल्म कापणाऱ्या मशीनवर) कापून लावावेत. त्यात रंग फिल्मच्या आत असतो, वर फवारलेला नसतो, त्यामुळे तो छपाईपेक्षा बराच जास्त टिकतो. फोटो असेल तेवढाच छापा.

गोंद: स्वस्तातली चूक इथं सगळ्यात महाग पडते

गोंद निवडताना काढायचा दिवस डोळ्यांपुढे आणा. कायमचा गोंद आणि निघणारा गोंद असे दोन मुख्य प्रकार. निघणाऱ्या गोंदालाही मुदत असते. कंपनी सांगते त्या काळात तो स्वच्छ निघतो, त्यानंतर आणि विशेषतः उन्हात तो पक्का होत जातो. भाड्याच्या गाडीवर, कर्ज फिटायच्या आधी विकायच्या व्हॅनवर, किंवा दर सहा महिन्यांनी जाहिरात बदलणाऱ्या काचेवर निघणारा गोंद घ्या. स्वतःच्या दुकानाच्या एसीपीवर कायमचाच.

जुन्या रंगाच्या किंवा जुन्या अक्षरांच्या वर लावायचं असेल तर राखाडी किंवा काळ्या पाठीची फिल्म मागा. साध्या पांढऱ्या फिल्ममधून खालचं नाव दुपारच्या उन्हात भुतासारखं डोकावतं, आणि मग दुकान कुणाचं हेच कळत नाही. यापेक्षाही बरं म्हणजे जुनी फिल्म काढूनच नवी लावणं. जुन्यावर नवी लावली की खालच्या फिल्मचं आक्रसणं वरच्या फिल्मलाही भोगावं लागतं.

पाण्यावर बनवलेला अ‍ॅक्रिलिक गोंद सततच्या ओलाव्यात पांढुरका पडून सैल होऊ शकतो. बाहेरच्या, पावसात भिजणाऱ्या कामाला सॉल्व्हंटवर बनवलेला अ‍ॅक्रिलिक गोंद बरा. हवा निघून जाण्यासाठी गोंदात बारीक खाचा असलेली फिल्म मोठ्या पॅनेलला खरोखर मदत करते. नवशिक्याच्या हातूनही फुगे कमी राहतात. पण काचेच्या आतून लावायची पारदर्शक फिल्म असेल तर त्या खाचांची जाळी डोळ्यांना दिसते, तिथं खाचांविना घ्यावी.

मागचा कागदही बघा. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेला कागद पावसाळ्यात सपाट राहतो. साधा कागद हवेतली ओल घेतो, कडा वळतात, आणि वळलेली कड प्रिंटरच्या हेडला घासते. जुलैत छपाईवाले वैतागलेले दिसतात त्याचं एक कारण हेही. रोल टिनाच्या शेडखाली ठेवणाऱ्याकडून घेऊ नये. फिल्मला साधारण २० ते २५ अंशांची कोरडी जागा लागते, आणि चांगल्या रोलचंही आयुष्य न वापरता वर्ष-दोन वर्षांचं असतं.

शाई आणि लॅमिनेशन

सॉल्व्हंट आणि इको-सॉल्व्हंट शाईतला द्रव छपाईनंतर फिल्ममध्ये शिरलेला असतो. वरून हात लावला तर कोरडं वाटतं, पण तो द्रव बाहेर पडायला किमान २४ तास लागतात, ४८ दिले तर उत्तम. या वेळात रोल सैल सोडून उभा ठेवायचा. घट्ट गुंडाळून ठेवला तर द्रव आतच कोंडतो. ‘संध्याकाळी छाप, रात्री लॅमिनेट कर, सकाळी लाव’ अशी घाई करणाऱ्यांच्या कामाच्या कडा सुटतात, कारण कोंडलेला द्रव गोंद मऊ करतो. भरगच्च काळा हा सगळ्यात वाईट. प्रत्येक शाई जास्तीत जास्त १०० टक्के धरून चारही शाया मिळून एकूण २७० टक्क्यांच्या आत ठेवायला डिझायनरला सांगा, काळा तसाच गडद दिसतो. लेटेक्सची शाई मशीनमधून कोरडीच निघते. अतिनील दिव्याखाली वाळणारी यूव्ही शाईही लगेच वाळते, पण साध्या यूव्ही शाईचा थर ताणल्यावर तडकू शकतो. सपाट बोर्डाला ती उत्तम, बाकदार गाडीला नको.

लॅमिनेशन, म्हणजे छपाईवर चढवायची पारदर्शक फिल्म, वाचवून जाहिरात करू नका, निदान गाडीवर. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, वाडीच्या रस्त्यावरची धूळ आणि ड्रायव्हरचा कोरडा फडका मिळून छपाई घासून काढतात. लॅमिनेशन त्यापासून वाचवतं आणि ऊनही अडवतं. जोडी जुळली पाहिजे: कास्टवर कास्ट लॅमिनेट, पॉलिमेरिकवर पॉलिमेरिक. कास्टवर मोनोमेरिक लॅमिनेट चढवलं तर वरचा थर आक्रसतो आणि खालच्या महागड्या फिल्मलाही उचलतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठाला वापरतात ते गरम लॅमिनेशन बाहेरच्या कामाला चालत नाही. रस्त्यावरच्या बोर्डाला मॅट घ्या, दुपारच्या उन्हात ग्लॉसीवर अक्षरांपेक्षा झळाळीच जास्त दिसते. गाडीला ग्लॉसी शोभते आणि धुवायलाही सोपी.

माप आणि जोड

छोट्या टेम्पोच्या बंद बॉडीची एक बाजू समजा ७ फूट लांब आणि ५ फूट उंच आहे. क्षेत्रफळ ३५ चौरस फूट. आता रोल साधारण १.३७ मीटर म्हणजे ५४ इंच रुंद. उंचीला वर-खाली एकेक इंच जादा धरलं तर ६२ इंच लागतात, ते एका आडव्या पट्ट्यात बसत नाहीत. म्हणून ६२ इंच लांबीचे दोन उभे पट्टे काढायचे आणि मधे जोड द्यायचा. फिल्म लागली १२४ गुणिले ५४ इंच, म्हणजे साडेशेहेचाळीस चौरस फूट. बिलात ३५ ऐवजी ४६ दिसले म्हणजे दुकानदारानं लुबाडलंच असं नाही. हिशेब मागा आणि दुसऱ्या रुंदीचा रोल चालतो का ते विचारा.

जोडाला पाव ते अर्धा इंच चढाव ठेवतात. आडव्या जोडात कौलांसारखा वरचा पट्टा खालच्यावर यावा, पाणी आत जात नाही. गाडीच्या उभ्या जोडात पुढचा पट्टा मागच्यावर, म्हणजे वारा कड उचलत नाही. त्यासाठी लावायला सुरुवात गाडीच्या मागच्या बाजूनं करायची. जोड फोन नंबरातून किंवा कुणाच्या चेहऱ्यातून जाणार नाही हे डिझाइन करतानाच बघून घ्यावं. नेत्याच्या नाकावर जोड आलेला बोर्ड ज्यानं लावला त्यालाच तो उतरवावा लागतो.

लावायचा दिवस

फिल्म लावायला पत्र्याचं तापमान १५ ते ३० अंशांच्या मधे असावं. मे महिन्यात उन्हातल्या गाडीवर फिल्म टेकली की गोंद तिथल्या तिथं पकडतो, उचलून सरळ करता येत नाही. शेडखाली, पहाटेपासून नऊपर्यंत काम उरकावं. डिसेंबर-जानेवारीत उलटं: सकाळी पारा दहाच्या खाली असला तर गोंद धरतच नाही, अकरानंतर सुरू करा. पावसाच्या दिवसात उघड्यावर नकोच.

ताज्या रंगाच्या गाडीला किमान तीन आठवडे द्या. गॅरेजवाला म्हणेल, ‘सुकला ना बाप्पा, लावून टाका’. रंगातला द्रव मात्र त्यानंतरही निघत असतो. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, मग दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी असं मिश्रण धागे न सुटणाऱ्या फडक्यानं फिरवा आणि उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपा. थिनर नको, रंग मऊ होतो. पॉलिशचा थर, रिव्हेटभोवतीचं ग्रीस आणि पॅनेलच्या खालच्या कडेवरचा चिखल या तीन जागी आळस झाला की फिल्म तिथूनच उचलली जाते.

स्क्वीजीला, म्हणजे फिल्म दाबून बसवायच्या पट्टीला, फेल्टची कड असावी. मधून बाहेर, प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर अर्धी चढवत. कॅलेंडर्ड फिल्म ओढून बसवू नका; बसत नाही याचा अर्थ फिल्म चुकली आहे. साबणाचं पाणी मारून लावण्याची पद्धत काचेवर आणि सपाट बोर्डावर, खाचा नसलेल्या फिल्मला चालते. खाचांच्या फिल्मला पाणी लावलं तर ते खाचांतच अडकतं.

नालीच्या पत्र्यात फिल्म आधी उंचवट्यावर टेकवून मग हीट गननं मऊ करत खोलगट भागात उतरवायची. सगळं झाल्यावर खाचा, कडा, रिव्हेट यांना पुन्हा ९० ते ९५ अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे कास्ट फिल्म नवा आकार धरते आणि परत वर येत नाही. अंदाजावर सोडू नका, इन्फ्रारेड थर्मामीटर हातात ठेवा. हे तापवणं बहुतेक ठिकाणी वगळलं जातं आणि महिन्याभरात खाचेवर फिल्मचा पूल तयार होतो. दाराच्या फटीवर फिल्म कापून आत वळवा, रबराच्या पट्टीवर चढवू नका. उघड्या कडेला मिलिमीटर-दोन मिलिमीटर आतच थांबा. राहिलेला फुगा सुईनं टोचा, ब्लेडनं नाही. पहिले दोन-तीन दिवस गाडी धुऊ नका.

नियमांचं थोडक्यात

गाडीच्या मागच्या काचेवर वन-वे व्हिजन (बाहेरून जाहिरात दिसते आणि आतून बाहेरचं दिसतं अशी बारीक भोकांची फिल्म) लावून देतो म्हणणारे भेटतील. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १०० व्या नियमात पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड जायला हवा असं म्हटलं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचेवर फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली. वन-वे व्हिजन दुकानाच्या काचेला ठेवा. नंबर प्लेट, दिवे आणि परावर्तक पट्ट्या झाकू नयेत. प्रवासी आणि माल वाहतुकीच्या गाडीवर दुसऱ्याची जाहिरात लावण्यापूर्वी आरटीओत परवानगीचं विचारून घ्या. पूर्ण गाडीचाच रंग बदलत असेल तर आरसीतली नोंदही बदलावी लागते.

दुकानाच्या बोर्डासाठी, राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आहे. नाव मराठीत, देवनागरीत, सुरुवातीला हवं, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. डिझाइन मंजूर करताना हे मोजा, छापून झाल्यावर नको. इमारतीवर किंवा रस्त्याकडेला मोठा फलक असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी.

बिलावर काय लिहून घ्याल

‘व्हिनाइल प्रिंटिंग’ एवढ्यावर समाधान मानू नका. फिल्मची कंपनी आणि क्रमांक, मोनोमेरिक-पॉलिमेरिक-कास्ट यांपैकी काय, गोंदाचा प्रकार, लॅमिनेटचा क्रमांक, शाई, आणि लावून देण्यासह किती महिन्यांची हमी, हे बिलावर यावं. हमीत कड उचलणं आणि रंग उडणं दोन्ही धरलंय का ते विचारा. छापलेल्या फिल्मचा हातभर तुकडा मागच्या कागदासकट मागून घ्या आणि सावलीत ठेवा. वर्षानं रंग उडाला की नाही हा वाद त्या तुकड्याशेजारी उभं राहून मिनिटात सुटतो.

काढताना

मुदत संपायच्या आत काढा. फिल्म मऊ आहे तोवर ती सलग निघते; कडक झाली की नखाएवढे कपटे पडतात. हीट गननं हाताला सोसेल त्याहून थोडी जास्त गरम करा, कोपरा उचला, आणि पत्र्याला जवळपास समांतर, हळू ओढा. सरळ बाहेर ओढलं की फिल्म फाटते किंवा दुरुस्तीचा कच्चा रंग सोबत येतो. थंडीत काढायचं काम घेतलं तर मजुरी जास्त सांगा. उरलेल्या गोंदाला संत्र्याच्या सालीतल्या तेलापासून बनवलेलं द्रावण चांगलं लागू पडतं; कोपऱ्यात रंगावर तपासून मगच पूर्ण लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा आणि शेवटी अल्कोहोलनं पुसा. निघालेली फिल्म जाळू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू निघतात. कागद वेगळा, फिल्म वेगळी बांधून कचरागाडीत द्या.